बिघाड, पण नेटका

गिटारच्या चांगल्या, निर्मळ आवाजाची वाट लावणारी एक लहानशी पेटी बाजारात मिळते आणि लोक तिच्यासाठी खुशीने हजारो रुपये मोजतात, ही गोष्ट आमच्या घरात अजून कोणाच्या गळी उतरलेली नाही. अपवाद फक्त माझ्या भाचीचा. ती कॉलेजच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवते. पेटीची किंमत ऐकल्यावर ताईने, म्हणजे तिच्या आईने, "खराबच आवाज हवा असेल तर माळ्यावर आपला जुना टेपरेकॉर्डर आहे की," असा तोडगा काढला. तो फेटाळला गेला आणि प्रकरण माझ्याकडे आलं.

"मामा, तू पूर्वी रेडिओ बनवायचास ना?"

"बनवायचो. पण रेडिओ वेगळा, हे वेगळं."

"त्यात पण वायरी, यात पण वायरी."

इलेक्ट्रॉनिक्सची इतकी सुटसुटीत व्याख्या ऐकल्यावर नाही कसं म्हणणार? शिवाय निवृत्त माणसाकडे कोणी काही मागितलं की तो आधी हो म्हणतो आणि मग काय हवंय ते विचारतो.

तर या पेटीला ओव्हरड्राइव्ह म्हणतात, आणि पायाने दाबायची असते म्हणून पेडल. तार छेडली की गिटारच्या पिकअपमधून फार अशक्त लहर निघते, व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ॲम्प्लिफायर तिला मोठी करतो. पण प्रत्येक ॲम्प्लिफायरला त्याची त्याची मर्यादा असते. तिच्यापुढे लहर वाढवायला गेलं की तिचं डोकं छताला लागतं आणि गोल शेंडा सपाट होतो. अशा सपाट झालेल्या लहरीतून मूळ सुराबरोबर वरचे काही स्वर निघतात, जे तारेने दिलेलेच नव्हते. आवाज जाड होतो, खरखरीत होतो, लांबतो. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये हे आपोआप व्हायचं. फक्त त्यासाठी व्हॉल्यूम शेवटपर्यंत पिळावा लागे. आणि शेवटपर्यंत पिळलेल्या ॲम्पच्या शेजारी राहणारी माणसं संगीताकडे कलेच्या नजरेने पाहतीलच असं नाही. पेडल हेच काम हळू आवाजात, पायाशी करून देतं.

या आवाजाचा इतिहास बघायला गेलं तर मोडक्या सामानाचा इतिहास सापडतो. १९५१ साली 'रॉकेट ८८' हे गाणं रेकॉर्ड करायला आयक टर्नरची मंडळी मिसिसिपीहून मेम्फिसला निघाली, तेव्हा त्यांच्या गिटारच्या ॲम्पला मार बसला होता. स्टुडिओत त्यात कागदाचे बोळे कोंबून त्याला कामाला लावलं, आणि जी गुरगुर आली ती तशीच रेकॉर्डवर ठेवली. लिंक रे याने 'रंबल'च्या वेळी पेन्सिलीने स्पीकरला भोकं पाडली म्हणतात. 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने तर दाढीचं ब्लेड घेऊन स्पीकरचा पुठ्ठा चिरला, आणि त्यातून १९६४ चं 'यू रिअली गॉट मी' आलं. आपल्याकडे एखाद्या पोराने घरच्या स्पीकरला ब्लेड लावलं असतं तर पुढे काय आलं असतं ते सांगायची गरज नाही.

मला यात सगळ्यांत आवडते ती नॅशव्हिलची हकिकत. मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्यात ग्रेडी मार्टिन बेस गिटार वाजवत होता, आणि मिक्सिंग कन्सोलच्या ज्या चॅनलमधून त्याचा आवाज जात होता, तोच नेमका बिघडला. एका साध्यासरळ गाण्याच्या मधोमध अचानक भणभणाट. मंडळींनी विचार केला आणि तो तसाच राहू दिला. १९६१ मध्ये गाणं गाजलं आणि बाकीचे कलाकार तोच आवाज मागत दारात येऊ लागले. तोवर तो चॅनल पुरता मेला होता! अर्धवट होता तोवर त्या बिघाडाला किंमत होती. पूर्ण झाल्यावर काही उरलं नाही. शेवटी ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने ट्रान्झिस्टर जोडून तो बिघाड नव्याने बनवला. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने त्याची पेटी विकायला काढली. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'साठी ती दाबली. दुकानात जाऊन पैसे देऊन बिघाड विकत आणायची रीत तिथून पडली.

भाचीला हवी होती ती पेटी या घराण्यात पुष्कळ नंतरची. हिरव्या रंगाची, 'ट्यूब स्क्रीमर' नावाची. जपानच्या निशिन ओन्पा कंपनीत सुसुमु तामुरा यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटाला तिचं सर्किट आखलं आणि ती आयबनेझच्या नावाने विकली गेली. नावात ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्ह, आहे, आत एकही ट्यूब नाही. टेक्सासचा स्टीव्ही रे व्हॉन ती वापरायचा, हे भाचीने मला इतक्या वेळा ऐकवलं की तो आमच्या नात्यातला वाटू लागला.

सर्किट पाहिलं आणि मी तामुरा यांना मनातल्या मनात नमस्कार केला. ४५५८ नावाची आठ पायांची आयसी, दोन डायोड, दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टन्स आणि कंडेन्सर. संपलं. डायोड हा एका दिशेनेच वाट देणारा गृहस्थ. तीही साधारण ०.६ व्होल्ट जमल्याशिवाय देत नाही. इथे दोन डायोड विरुद्ध दिशांना तोंडं करून आयसीच्या परतीच्या वाटेवर बसवलेत. लहर लहान असते तोवर दोघेही गप्प. जोरात छेडलं की लहरीच्या वरच्या टोकाला एक वाट देतो, खालच्या टोकाला दुसरा, आणि दोन्ही शेंडे दबतात. पण परतीच्या वाटेवर असल्यामुळे मूळ आवाज पुसला जात नाही, दबलेल्या लहरीवर तो पुन्हा स्वार होतो. म्हणून हलक्या हाताने वाजवलं तर आवाज बराचसा स्वच्छ, आणि हात जड केला की खरखर. ड्राइव्हचं बटण पूर्ण डावीकडे असताना आवाज सुमारे १२ पट वाढतो, पूर्ण उजवीकडे ११८ पट. त्यातही एक खोच आहे. ४.७ के चा रेझिस्टन्स आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर अशी एक जोडी मिळून ७२० हर्ट्झच्या खालच्या स्वरांना कमी चढवते, त्यामुळे जाड तारांचा चिखल होत नाही. म्हणजे काय बिघडवायचं याच्याइतकाच काय बिघडवायचं नाही याचाही विचार झालेला आहे.

सामान आणायला पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथल्या काउंटरवर पुस्तकी शब्द चालत नाहीत. रेझिस्टरला रेझिस्टन्स, कपॅसिटरला कंडेन्सर, फिरवायच्या बटणाला ते काहीही फिरवत असलं तरी व्हॉल्यूम, आणि आयसीच्या सॉकेटला बेस.

"एक ४५५८ द्या, बेससकट."

"बेस-ट्रेबलचं किट करताय का काका?"

"नाही, गिटारचं पेडल. त्याने आवाज जरा फाटतो."

दुकानदाराने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "आवाज फाटतो म्हणून लोक आयसी परत आणून देतात. फाटावा म्हणून नेणारे तुम्ही पहिलेच."

गंमत अशी की हीच ४५५८ आपल्याकडे घरगुती ॲम्प जुळवणाऱ्यांच्या बेस-ट्रेबलच्या बोर्डावर वर्षानुवर्षं बसलेली आहे. परदेशातले गिटारवाले जुन्या काळातल्या, अमुकच छापाच्या ४५५८ साठी जीव टाकतात, तिच्या आवाजात काय काय ऐकू येतं यावर वाद घालतात. इथे ती प्लास्टिकच्या खणात ढिगाने पडलेली असते आणि दुकानदार ती मोजून न देता चिमटीने देतो. मला विचाराल तर दोन आयसींमधला तो दिव्य फरक माझ्या कानांना ऐकू येत नाही आणि येऊ नये अशीच इच्छा आहे. खर्च वाढतो.

आता हे सगळं ज्यावर जोडायचं तो व्हेरोबोर्ड. ब्रिटनमधल्या व्हेरो कंपनीने १९५९ च्या सुमारास हा काढला. तपकिरी पाटी, तिला २.५४ मिलिमीटरच्या अंतराने भोकं, आणि मागच्या अंगाला तांब्याच्या समांतर पट्ट्या. वाफ्याला पाणी द्यायचं काम ज्याने केलं आहे त्याला हा बोर्ड शिकवावा लागत नाही. पट्टी ही सरी. वीज सरीत शिरली की टोकापर्यंत धावणार. जिथे थांबवायची तिथे बांध घालायचा, आणि एका सरीतून दुसरीत न्यायची तर वरून तारेचा पाट काढायचा. बांध घालायला ४ मिलिमीटरचा ड्रिल-बिट घ्यायचा, यंत्राला न लावता नुसत्या बोटांत धरायचा आणि नेमक्या भोकावर टेकवून फिरवायचा. तांब्याचा बारीक किस निघतो, खाली तपकिरी रंग दिसू लागतो. आयसीच्या बेसखाली असे चार बांध ओळीने लागतात. नाहीतर समोरासमोरचे पाय आपसात संधान बांधून मोकळे होतात.

खरा घोळ असतो तो डाव्या-उजव्याचा. सामान बसतं वरून, बांध घालायचे खालून. बोर्ड उलटा केला की डावीकडचं उजवीकडे जातं, हे तोंडाने सांगायला सोपं आहे. ही विद्या अंगी असलेली माणसं चौकटीच्या वहीवर आधी दोन्ही बाजूंची चित्रं काढतात आणि प्रत्येक बांधाच्या जागी वरून टाचणी खुपसून खालून खूण करतात. नसलेली माणसं दुसरा बोर्ड आणायला जातात.

सोल्डरिंगला मी जेवणाच्या टेबलावर बसलो होतो. सोल्डरच्या तारेत ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असतं, ही माहिती मीच मोठ्या अभिमानाने घरात दिली.

"शिसं? आणि मी इथे पोळ्या वाढते?" सौभाग्यवती म्हणाल्या. "अहो, उचला ते सगळं. गॅलरीत बसा."

त्यांचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं. गॅलरीत बरंही पडलं. सोल्डरच्या तारेतल्या राळेचा वास तिथे कोंडत नाही, आणि हा वास ज्याला आवडतो त्याला तो उदबत्तीइतका आवडतो. २५ वॅटच्या आयर्नचं टोक ओल्या स्पंजावर पुसायचं, चर्र होतं. मग ते टोक एकाच वेळी पट्टीला आणि रेझिस्टन्सच्या पायाला टेकवायचं, दोन सेकंद थांबायचं आणि पलीकडच्या बाजूने सोल्डरची तार लावायची. आयर्नला नाही, पायाला. ताप पुरेसा असला तर सोल्डर क्षणात पसरतं, पायाला बिलगून वर चढतं आणि चकचकीत होऊन थांबतं. ताप कमी पडला तर मळकट गोळी होऊन वरच्यावर बसतं. दुरुस्तीवाले त्याला ड्राय सोल्डर म्हणतात आणि देशातल्या निम्म्या बंद टीव्ही-रेडिओंचं खापर त्याच्यावर फोडतात. सगळे जोड झाले की जुन्या ब्लेडच्या कोपऱ्याने दोन पट्ट्यांमधली प्रत्येक फट वरपासून खालपर्यंत खरवडायची. केसाएवढा तांब्याचा तुकडा तिथे अडकला असला तरी सगळं मुसळ केरात.

या कामात मला मौज वाटते ती इथेच. अख्खी खटपट कशासाठी, तर आवाज बिघडवण्यासाठी. आणि त्यात बिघाड मात्र एकही चालत नाही. एक ड्राय सोल्डर राहिला की आवाज फाटतो खरा, पण नको तिथे आणि नको तसा. तो ऐकून कोणी टाळ्या वाजवत नाही. लहरीचा शेंडा नेमका ०.६ व्होल्टला दबायला हवा, तर बाकीच्या चाळीसेक ठिकाणी वीज अगदी सभ्यपणे वागायला हवी. पूर्वी ऑफिसात फायली नेमक्या जागी गहाळ करणारे एक हेडक्लार्क होते. त्यांच्या टेबलाइतकं नीटनेटकं टेबल मी आजवर पाहिलेलं नाही.

जोडणी झाल्यावर गिटार लावली आणि पहिल्याच फटक्यात आवाज आला तर हुरळून जाऊ नये. बहुधा पायाखालचं बटण बायपासवर असतं, आणि गिटार पेडलला वळसा घालून थेट ॲम्पमध्ये गेलेली असते. बटण दाबलं की शांतता. मग मल्टीमीटर काढायचा. आयसीच्या आठव्या पायावर ९ व्होल्ट, चौथ्यावर शून्य, आणि पहिल्या व सातव्यावर त्याच्या निम्मे, साडेचार. हे जुळलं की निम्मं दुखणं गेलं. उरलेल्या निम्म्यासाठी एका वायरच्या टोकाला कंडेन्सर लावून दुसरं टोक ॲम्पला जोडायचं आणि भाचीला सांगायचं, वाजवत राहा. मग कंडेन्सरचा मोकळा पाय सर्किटमध्ये एकेका जागी टेकवत पुढे सरकायचं. इथे आवाज आहे, इथे आहे, इथेही आहे, इथे नाही. म्हणजे चोर या दोन जागांच्या मध्ये. आमचा चोर निघाला फूटस्विचपाशी. नऊ पायांचं ते बटण बनवणाऱ्याने कोणता पाय कोणाचा हे कुठेही छापलेलं नसतं.

पेडल बोललं त्या दिवशी आमच्या शेजारच्या काकू आल्या. त्या गाणं शिकवतात. आम्ही दोघं अपराधी चेहरे करून उभे. त्यांनी डोळे मिटून चार सूर ऐकले.

"जवारी फारच खुली आहे हो. जरा गोल करा."

भाची म्हणाली, "काकू, हे ब्लूज आहे."

"असू दे की. त्यालाही जवारी लागतेच." आणि त्यांनी स्वतः पुढे होऊन टोनचं बटण डावीकडे वळवलं. खरखर राहिली, तिची टोचणी गेली. भाचीने पुन्हा तोच तुकडा वाजवला आणि बटण काकूंनी ठेवलं तिथेच ठेवलं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तारेचा निव्वळ आवाज आपल्यालाही कधी पुरला नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उतरता ठेवायचा, तार त्यावर घासत थरथरेल इतकाच, आणि तारेखाली सुताचा दोरा केसभर मागेपुढे करून ती झणझण नेमक्या जागी आणायची, ही आपली जवारी. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला. तार ज्या जागी छेडली त्या जागेमुळे जे वरचे स्वर उमटूच नयेत असं जुना नियम सांगतो, तेही तंबोऱ्यात आणि वीणेत स्पष्ट ऐकू येतात, आणि हे काम घोडीचं आहे, असं त्यांनी दाखवलं. तारेने न दिलेले स्वर तारेकडून काढायचे. डायोड न वापरता.

मिरजेला सतारी आणि तंबोरे बनवणारी घराणी मुळात शिकलगारांची, हत्यारांना धार आणि झिलई देणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी उतरली तशी ती वाद्यांकडे वळली. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी काढणारा कारागीर घोडीवर कानस अगदी अलगद फिरवतो, तार चढवतो, ऐकतो, उतरवतो, पुन्हा कानस फिरवतो. जास्त घासलं गेलं तर परत भरता येत नाही. माझ्या ड्राइव्हच्या बटणाला मागे फिरता येतं, एवढीच आमची चैन.

पैशांचं म्हणाल तर घरी केलेलं स्वस्त पडतं हे मी घरात सांगितलंय आणि तुम्हीही तसंच सांगा. आतलं इलेक्ट्रॉनिक्स खरोखरच किरकोळीत येतं. मग फूटस्विच, दोन जॅक, बटणांच्या टोप्या आणि ॲल्युमिनियमची पेटी येते, आणि हिशेबाची वही बंद करावी लागते. पेटीवर मात्र काटकसर नको. प्लास्टिकच्या डब्यात बसवलंत तर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची भुणभुण गिटारच्या आधी ऐकू येईल. धातूची पेटी ग्राउंडला जोडली की ती बाहेर राहते. भोकं पाडायला कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे द्या. तो विचारेल, यात काय ठेवणार. खरं उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका.

आयसी थेट सोल्डर करू नका, बेस वापरा. आणि वाजवून झालं की इनपुटची पिन काढून ठेवायला विसरू नका. या पेडलमध्ये बॅटरी चालू होते ती पायाखालच्या बटणाने नव्हे, पिन आत घातल्याने. पिन तशीच राहिली तर नऊ व्होल्टची बॅटरी उगाच उतरत राहते.